तिसरं वाक्य

सुकलालने पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची जाड वही काढून ओट्यावर ठेवली आणि काशीरामांना आधी आठवलं ते पत्र. पावणेदोन वर्षांपूर्वी आलेलं, सुकलालच्या मुलीच्या, धनश्रीच्या बारीक, तिरप्या अक्षरातलं. ते अजून आत, कपाटावरच्या शब्दकोशात घडी करून ठेवलेलं होतं. त्याला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

"ल्या मास्तर, तुम्हनी अमानत," सुकलाल म्हणाला. "पोर म्हने, काकाना हातमाच देजो. नंदुरबारपाईन मांडीवर ली उनू, खाले ठेवी नही."

काशीरामांनी हात पुढे केला, मागे घेतला, लेंग्याला पुसला आणि मग पुठ्ठ्यावर ठेवला. वही त्यांचीच होती. कोपरे मात्र कुणीतरी नव्या कापडाने मढवले होते आणि पाठीला जाड दोऱ्याची शिलाई घातली होती.

"तिची वाचून झाली?" त्यांनी विचारलं. खरं तर विचारायचं होतं ते हे नव्हतं.

"वाचाना सवाल नही. तुम्हना राग शे म्हने तिनावर."

"राग?"

"मंग काय? दोन वरीस व्हवाले उनात, एक कारड नही. मी तिले सांगं, मास्तरले लिखाना कंटाळा नही, पेटीमा टाकाना शे." सुकलाल स्वतःच्याच बोलण्यावर हसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पन ती कथानी ऐकस!"

दारात बसून साडीच्या काठाला टिकल्या चिकटवणारी विशाखा, काशीरामांची सून, मान वर न करता आपल्या सुरती मराठीत म्हणाली, "राग ने बाबा? काय काका तुम्ही पण! दूध पिऊन गेलेल्या मांजरीला पण बाबा 'अगं' म्हणतात. बसा, चहा ठेवलाय."

काशीरामही हसले, पण वहीवरचा हात त्यांनी उचलला नाही.

सुकलाल आणि त्यांची भिंत सतरा वर्षं एक होती. सुरतेतल्या डिंडोलीच्या या गल्लीत सुकलाल लूमवर, काशीराम लूमला लागणाऱ्या कार्डांवर. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या दिवसांत अर्धी गल्ली मिळेल त्या गाडीने खानदेशात निघून गेली, तेव्हा सुकलालही बायकामुलांना घेऊन गावी गेला. गल्लीतली बाकीची माणसं महिन्याभरात परतली, सुकलाल परतला नाही. भावाबरोबर शेती करू लागला. आता भाचीच्या साखरपुड्याला तो चलथाणला चालला होता, मेहुणा तिथल्या साखर कारखान्यात होता. आधी वही द्यायला इथवर आला होता.

ती गडबडीची सकाळ काशीरामांना आठवत होती. रिक्षात बोचकी, त्यावर सुकलालची बायको शोभाबाई, आणि चढता चढता मागे वळून पाहणारी धनश्री. ते घरात गेले, वही घेऊन बाहेर आले आणि तिच्या हातात कोंबली. तू मास्तरीण होणार आहेस, तुला लागेल, असं काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "सांभाळून जा."

तिने सांभाळली होती. वर्षभरात तिला नवापूरकडच्या एका आश्रमशाळेत नोकरी लागली, आणि मग ते पत्र आलं.

*

काशीराम स्वतः मास्तर कधीच नव्हते. मॅट्रिकला इंग्रजीत बसलेला फटका घेऊन ते सुरतेला आले आणि पर्वत पाटियाजवळच्या एका दुकानात एकतीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच करत राहिले. पदरावरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर रंगवलेला असतो. तो कागद समोर लावायचा आणि एकेका रंगीत चौकटीसाठी पुठ्ठ्याच्या पट्टीवर एकेक भोक पाडायचं. पट्टी मागावर चढली की जिथे भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि त्यातून मोर उमटतो. चुकून जास्तीचं भोक पडलं तर त्यावर कागदाचं ठिगळ चिकटवायचं. ठिगळाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा धंद्याचा नियम. भोक कुठे आणि का बुजवलं ते फक्त पाडणाऱ्यालाच माहीत असतं.

एकदा एक भोक त्यांच्या नजरेतून सुटलं. लक्षात येईपर्यंत नव्वद साड्या मागावरून उतरल्या होत्या आणि प्रत्येक मोराच्या मानेत एक उभा दोरा तरंगत होता. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी एक पदर उजेडात धरला आणि म्हणाले, "नेवुंए नेवुं मोरनी गरदन कापी नाखी, काशीरामभाई."

नव्वदच्या नव्वद मोरांच्या माना. त्या दिवसापासून काशीरामांना स्वतःच्या हाताची खात्री वाटेनाशी झाली. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचे. दुकानात सगळ्यांच्या देखत हिशेबनीस एखादा शब्द विचारायचा तेव्हा ठाऊक असूनही "बघून सांगतो" म्हणायचे.

शब्द बघायची सोय मात्र त्यांनी करून ठेवली होती. चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेला एक शब्दकोश होता, त्याचं पहिलं आणि शेवटचं पान गेलेलं होतं. त्यावरून ते गल्लीतल्या मुलांसाठी वही लिहीत. एका पानावर एक शब्द, खाली मराठी अर्थ आणि तीन वाक्यं. पहिलं वाक्य डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूचं, दुसरं माणसाच्या वागण्याचं. तिसरं मात्र आपल्या गल्लीतलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. गल्लीतलं वाक्य मुलं विसरत नाहीत.

वहीतही चुका व्हायच्या, निदान त्यांना तशा वाटायच्या. चुकलेल्या वाक्यावर ते पेन्सिलने फुली मारत. दुपारी लूमसाठी दोऱ्याच्या बॉबिन भरून झाल्या की त्यांची बायको, काशीबाई, मैद्याची खळ करून फुलीवर ठिगळ चिकटवत असे. ठिगळाच्या वर मग नवं, दुरुस्त वाक्य यायचं. काशीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मराठी अक्षरं त्या पन्नाशीत शिकल्या होत्या, तीही काशीरामांच्या मागे लागून. पण फुल्या त्यांना बरोबर मोजता यायच्या.

"आज सात," त्या म्हणत. "तुमच्या वहीत लिहिलेलं कमी आणि माझं चिकटवलेलं जास्त."

*

चहा आला. सुकलालने बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणखी एक वही काढली.

"ही बी दिनी शे. नमुनानी."

शाळेची साधी वही होती. वर लिहिलं होतं, 'तारा वळवी, इयत्ता सातवी'. काशीरामांनी ती उघडली आणि त्यांना आपलीच वही दुसऱ्याच्या अक्षरात दिसू लागली. तोच क्रम, तेच अर्थ, तीच वाक्यं. 'लेझी' या शब्दाखाली 'सुकलाल्स गोट इज लेझी' हेही होतं. नवापूरच्या रानातल्या एका मुलीने डिंडोलीतल्या सुकलालच्या शेळीचा आळस मन लावून उतरवून घेतला होता.

"मनी शेळी शे का त्यामा?" सुकलालने वाकून विचारलं.

"आहे."

"मरी गयी ती. पन पोरं अजून वाचतस म्हना!"

काशीराम पानं मागे उलटत 'एच'पर्यंत आले आणि थांबले. 'हॉलो'. अर्थ, पोकळ. एक, 'द ट्री इज हॉलो.' दोन, 'हिज प्रॉमिस वॉज हॉलो.' आणि तीनचा आकडा घालून त्यापुढे ताराने पट्टीने आखलेली एक लांबट चौकट. चौकटीत काहीच नव्हतं.

"अशा अडतीस वह्या शेतीस," सुकलाल म्हणाला. "समद्यासमा ती जागा कोरी. पोर म्हने, काका सांगतीन तवय भरू. तीस तारीखले साळा सुटी, मंग सातवीना पोरं कथा कथा जातीन."

"आणि यंदाची मुलं? पाचवीची?"

सुकलालने टोपी झटकली. त्याला हे सांगायचं नसावं. "यांदा नही उतारी लिनी. म्हने, उत्तर नही म्हंजे परवानगी नही. म्हनीसन तं वही परत धाडी."

काशीराम बोटाने त्या चौकटीची वरची रेघ डावीकडून उजवीकडे गिरवत राहिले.

सुकलाल उठला. "जय भीम, मास्तर. येस मी. तीन तारीखले परत जासू, तवय काही देनं व्हयी तं ठेवी ठेवा."

"राम राम, सुकलाल," काशीराम म्हणाले. सतरा वर्षं हे दोघे एकमेकांना एकमेकांचाच नमस्कार करत आले होते. कधी सुरू झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

*

सुकलाल गेल्यावर ते आत गेले आणि शब्दकोशातून पत्र काढलं. पत्रासोबत एक कोरं अंतर्देशीयही निघालं. उत्तरासाठी त्यांनी ते तेव्हा दुसऱ्याच दिवशी आणून ठेवलं होतं.

धनश्रीने लिहिलं होतं:

'माझ्या वर्गात अडतीस मुलं आहेत. बहुतेकांच्या घरात पुस्तक नाही. मी तुमची वही रोज एक पान फळ्यावर लिहिते आणि ती उतरवून घेतात. परवानगी आधी मागायला हवी होती, माफ करा. एक अडचण आहे. "हॉलो"च्या पानावर तिसऱ्या वाक्याच्या जागी नुसतं ठिगळ आहे, वर काही लिहिलेलं नाही. खाली काय आहे ते मी पाहिलेलं नाही. ठिगळाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मुलं रोज विचारतात. एक म्हणतो खाली काहीच नाही, एक म्हणते खाली बाईंचं लग्नाचं वर्ष आहे. मी त्यांना सांगितलं आहे की काकांना विचारते. तिथे काय लिहू?'

पत्र आलं तेव्हा हे वाचून आनंद व्हायला हवा होता, आणि पहिला घटकाभर झालाही. मग अडतीस हा आकडा छातीवर बसला. नव्वद मोर आठवले. वहीत कुठेतरी चुकीचं भोक असणारच, आणि आता ते अडतीस ठिकाणी उमटणार. हो म्हणायची छाती झाली नाही. नाही म्हणायची तर त्याहून नाही.

हे एक कारण झालं. शेजारणीला, मुलाला, कुणालाही सांगण्यासारखं.

दुसरं कारण त्या ठिगळाखाली होतं.

त्या दुपारी ते 'हॉलो' लिहीत होते. काशीबाई शेजारी रहाटावर बॉबिन भरत होत्या. कोशात दिलेले उपयोग ते मोठ्याने वाचून मराठीत सांगत होते. पोकळ झाड. पोकळ वचन. खप्पड झालेले गाल. कोरडं हसणं. जिंकूनही हाती काही न लागलेला विजय.

"पोकळ म्हणजे सगळं वाईटच का हो?" काशीबाईंनी विचारलं.

"कोशात तसंच आहे."

"कोश लिहिणाऱ्याने बॉबिन बघितली नसेल." त्यांनी रहाटाच्या चातीवरून, फिरत्या सळईवरून, रिकामी बॉबिन उपसली, डोळ्याला लावली आणि तिच्यातून आरपार त्यांच्याकडे पाहिलं. "पोकळ आहे म्हणून तर फिरते ही. भरीव असती तर चातीवर बसली असती का?"

कोशात आणखीही एक उपयोग होता, तो काशीरामांनी वाचूनच दाखवला नव्हता. 'द हॉलो ऑफ द हँड.' तळहाताचा खळगा, ओंजळ. लहानपणी गावच्या विहिरीवर ओंजळ पुढे धरून उभं राहायचं आणि वरून कुणी पाणी ओतील तेवढंच प्यायचं, हे ते कोशाच्या आधी शिकले होते. त्या शब्दाला वहीत जागा नव्हती.

पण बॉबिनचं वाक्य त्यांना आवडलं. त्यांनी लिहिलं, 'अ बॉबिन इज हॉलो. दॅट इज व्हाय इट टर्न्स.'

"यात बॉबिन कुठंय?"

त्यांनी दाखवलं. काशीबाईंनी रहाट थांबवला, बोट पदराला पुसलं आणि त्या पाच-सहा अक्षरांवरून फिरवलं. "म्हणजे मी आहे यात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रहाट फिरवू लागल्या.

आठवड्याने काशीरामांनी पान पुन्हा वाचलं. 'हॉलो'खाली बॉबिन कोशात कुठेही नव्हती. 'टर्न्स' बरोबर की दुसरं काही, याची खात्री वाटेना. मुलं परीक्षेत हेच लिहितील, तपासणारा हसेल. त्यांनी वाक्यावर फुली मारली आणि वही नेहमीच्या जागी, खळीच्या वाटीशेजारी ठेवून दिली. संध्याकाळी ठिगळ चिकटवलेलं होतं. त्या दिवशी काशीबाईंनी फुल्यांचा आकडा सांगितला नाही. पंधरवड्याने त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

ठिगळावर लिहायचं नवं वाक्य राहून गेलं. ते पान काशीरामांनी पुन्हा उघडलं नाही.

आता कुणी विचारलं, खाली काय आहे, तर काय सांगायचं? माझ्या बायकोने आयुष्यात एक वाक्य दिलं आणि ते मी खोडलं?

*

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी एक वाटी पाणी, जुन्या सुती साडीचा बोळा आणि मुलाच्या, लोकेशच्या दाढीचं पातं घेतलं आणि वहीसमोर बसले.

"काय करता, बाबा?" विशाखाने विचारलं.

"ठिगळ काढायचं आहे."

"आईंनी चिकटवलेलं?" ती हसली. "मग झालं. आईंची खळ होती ती. रेशनकार्ड चिकटवलं होतं त्यांनी एकदा, अजून फाटतंय पण सुटत नाही."

ते खरं होतं. सवय व्हावी म्हणून काशीरामांनी आधी दुसऱ्याच एका पानावरच्या ठिगळाला नख लावून पाहिलं. कागदाने दाद दिली नाही. चारही कडा पानाशी अशा एकजीव झाल्या होत्या की ठिगळ कुठे संपतं आणि पान कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नव्हतं. आणखी एक पाहिलं, तेही तसंच. काशीबाईंचं काम तसंच असायचं. एकतीस वर्षं दुकानात काढूनही त्यांच्या स्वतःच्या ठिगळांना ही सफाई आली नव्हती.

मग त्यांनी 'हॉलो'चं पान उघडलं, पातं जवळ ओढलं आणि बोळा पाण्यात बुडवून पिळला. तेवढ्यात वरच्या पंख्याचा झोत पानावर आला आणि ठिगळ उचललं गेलं.

ते आपोआप उचललं गेलं. खिडकीची झडप उघडावी तसं वर झालं, क्षणभर तसंच उभं राहिलं आणि पुन्हा खाली बसलं.

काशीरामांनी बोळा वाटीत ठेवला आणि हात कोरडे केले. ठिगळाचं खालचं टोक चिमटीत धरून वर केलं. खालच्या कडेला खळीचा डागही नव्हता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. खळ होती ती फक्त वरच्या कडेला, दोऱ्याएवढी बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढलेली. खाली त्यांचं वाक्य जसंच्या तसं होतं. पेन्सिलची फुली मात्र पुसट झाली होती. कुणीतरी ती बोटाने हलकेच पुसल्यासारखी.

 विशाखाने दोनदा विचारलं, "सुटलं का?" दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "चिकटवलंच नव्हतं तिने."

"आईंनी? आई कशाला असं अर्धवट काम करतील?"

"नाही करायची," काशीराम म्हणाले. "कधीच नाही केलं."

विशाखा साडी बाजूला ठेवून उठली आणि त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. इंग्रजी तिला बेताचंच येत होतं. तिने बोट ठेवून वाचलं, "अ... बॉबिन..." मग तिने पाण्याची वाटी आणि पातं उचलून आत नेलं.

*

अंतर्देशीयाचा कागद पावणेदोन वर्षांत कडेने पिवळा पडला होता. काशीरामांनी आधी पाटीवर कच्चं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग सरळ कागदावरच सुरुवात केली.

'चि. धनश्रीस, अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. राग नव्हता, भीती होती. ती तुझी नव्हती, माझ्या चुकांची होती. अजूनही आहे. तरी मुलांना वही उतरवू दे. यंदाच्या मुलांनाही. चूक सापडली तर मला कळव, आणि मुलांना सांग की लिहिणारा कार्डं पाडणारा होता, कोश लिहिणारा नव्हता.

हॉलोचं तिसरं वाक्य असं आहे.'

त्यांनी वाक्य उतरवलं. प्रत्येक अक्षर सुटं काढलं. बॉबिन हा शब्द लिहिताना हात जरा थांबला.

'मुलांना बॉबिन माहीत नसेल तर सुकलालकडून एक मागव आणि तिच्यातून आरपार पाहायला सांग. हे वाक्य माझं नाही. तुझ्या काशीकाकूचं आहे. मी ते खोडलं होतं. तिने खोडू दिलं नाही, हे मला आज दुपारी कळलं. तू ठिगळ उचललं नाहीस म्हणून ते मला माझ्या हाताने उचलता आलं. त्याबद्दल तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही.'

एवढ्यावर पत्र संपायला हवं होतं. पण खाली चार बोटं जागा उरली होती. काशीराम पेन हातात घेऊन त्या जागेकडे बघत राहिले. त्यांना आठवली ती धनश्री, पाचवी-सहावीतली. शाळेतून तापत यायची, स्वतःच्या घराआधी यांच्या घरात शिरायची, माठावरचा पेला उचलायची आणि गटागटा पाणी प्यायची. पहिल्या दिवशी शोभाबाई दारात उभ्या होत्या. काशीराम त्यांच्याकडे बघायचं टाळत वहीत डोकं घालून बसले होते. शोभाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पेला धुईसन ठेव वं, पोरी, काकाना घरना शे." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच दारातून ताकाची कासंडी आली.

त्यांनी लिहिलं:

'हॉलोचा आणखी एक उपयोग आहे. तो मी वहीत घातला नव्हता. हॉलो ऑफ द हँड म्हणजे ओंजळ. वाक्य: आय हॅव गॉट मच इन द हॉलो ऑफ माय हँड. माझ्या ओंजळीत पुष्कळ पडलं.

तुझा, काशीरामकाका.'

लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. 'गॉट मच' बरोबर वाटेना. 'मच'च्या जागी 'अ लॉट' हवं का? 'हॅव गॉट' बोलण्यात चालतं, लिहिण्यात चालतं का? कोश उघडला, मिटला. पेनच्या जागी पेन्सिल हातात कधी आली आणि कधी टेकली ते त्यांनाही कळलं नाही. वाक्याच्या शेजारी समासात एक लहानशी फुली उमटली होती.

त्यांनी सवयीने उजवीकडे पाहिलं. खळीची वाटी तिथे नव्हती.

कागदाच्या घड्या घालून त्यांनी कडा चिकटवल्या आणि चपला घातल्या. वही हातात घेऊन विशाखाला म्हणाले, "ही तीन तारखेला सुकलालबरोबर परत जाईल. तोवर वर, कपाटावर ठेव. पंख्याखाली नको."

"उन्हाचे कुठे निघालात? लोकेश टाकतील ने उद्या, मिलला जाताना."

"साडेचारला पेटी उघडते," ते म्हणाले.

रेल्वे फाटकाजवळच्या पेटीपाशी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. फाटक बंद होतं. सायकली, हातगाड्या, तागे लादलेला टेम्पो, सगळे गाडीची वाट बघत थांबले होते. काशीरामांनी पत्ता एकदा वाचला, पिनकोड एकदा वाचला, मागची कड चिकटलीय की नाही ते अंगठ्याने दाबून पाहिलं. मग पत्र पेटीच्या तोंडात सरकवलं, आणि त्यांना फुली आठवली.

पत्र अर्धं आत होतं, अर्धं त्यांच्या बोटांत. घरी रबर होतं. घर दहा मिनिटांवर होतं, आणि साडेचारला अजून वेळ होता. मागून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि फाटकापाशी थांबलेल्या माणसांत हालचाल सुरू झाली.

काशीरामांनी बोटं सोडली. पत्र गेलं, फुलीसकट.